जॅक-टूवाल्या आबांच्या मागे: कवठे येमाई ते दौंड

लोक केरळला जातात, काश्मीरला जातात आणि परत आल्यावर चार घरी फोटो दाखवत फिरतात. मी तीन दिवस शिरूर आणि दौंड तालुक्यांत हिंडून आले आणि फोटो म्हणाल तर एकच आहे, त्यातही निम्म्याहून जास्त मेंढीच आलीय. तरीपण सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. माझा स्वभावच तसा आहे. पोटात काही राहत नाही.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. गेली अठरा वर्षं रक्ताच्या नमुन्यांत एक प्रथिन बिघडलंय का, एवढंच बघते. त्याचं नाव जॅक-टू. पेशीच्या दाराशी, आतल्या बाजूला ते बसलेलं असतं. बाहेरून ‘तांबड्या पेशी वाढवा’ असा निरोप आला की तो आत पोचवायचा आणि गप्प बसायचं, एवढीच त्याची नोकरी. पण काही माणसांत, जन्मल्यानंतर कधीतरी, त्याच्या घडणीतला एक दुवा बदलतो आणि ते गप्प बसायचं विसरतं. निरोप नसतानाही आत ओरडत राहतं. मग तांबड्या पेशी वाढतच जातात, रक्त दाट होतं आणि एखाद्या दिवशी मेंदूत नाहीतर हृदयात गुठळी अडकते. उपाय जुना आणि साधा आहे. अधूनमधून पिशवीभर रक्त काढून टाकायचं आणि सोबत रोजची गोळी.

हे सगळं मला तोंडपाठ. पण अठरा वर्षांत मी एकही रोगी पाहिला नव्हता, हे सांगायला आता लाज वाटते. माझ्याकडे येतात त्या नळ्या, आणि नळ्यांवर आकडे. माणसं बघते माझी मैत्रीण, रक्ताची डॉक्टर. ती दर सोमवारी दौंडच्या एका दवाखान्यात बसते. गुरुवारी तिचा फोन आला.

“कवठे येमाईचे एक आबा आहेत. रिपोर्ट तुझ्याच मशीनमधून निघालाय. रक्त काढायला टेबलावर झोपले आणि मधेच उठून निघून गेले. त्यांच्या सुनेचे रोज फोन येतायत, कुणीतरी येऊन समजावा म्हणते. मला सोमवारपर्यंत हलता येत नाही. तू जा.”

“मी? अगं, मी नळ्यांशी बोलणारी बाई!”

“म्हणूनच जा. मी बोलले आणि ते उठून गेले.”

ती काय बोलली होती, ते मात्र तिनं सांगितलं नाही. चोर कुठली!

शनिवार, कवठे येमाई

आबांचं घर गावाबाहेर, डाळिंबाच्या बागेला लागून. दारात कांदा वाळत पडलेला. सून वैशाली पदराला हात पुसत बाहेर आली आणि पहिलंच वाक्य म्हणाली, “मॅडम, तुम्ही येनार म्हनून सांगितलं, तर मामा पहाटंच मेंढराकडं पळालं की!”

सासऱ्यांना ती मामा म्हणते. त्यांचं नाव म्हाळू आबा. या घराण्यात एके काळी सगळेच मेंढरांमागे फिरायचे. आता डाळिंब आणि कांदा आहे, मेंढरं फक्त आबांच्या धाकट्या भावाकडे उरलीत. त्याचा कळप सध्या भीमेकाठी, वडगाव रासाईला बसलेला. म्हणजे मी पुण्याहून उत्तरेला आले आणि आबा दक्षिणेला. माझं डोकं फिरलं होतं, पण वैशालीनं समोर ताट ठेवलं. बाजरीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि असा ठेचा की कानातून वाफा. पुण्यात मी दीड पोळीवर उठते. इथं तिसरी भाकरी मोडली तेव्हा भानावर आले.

जेवता जेवता भिंतीकडे लक्ष गेलं. एकाच भिंतीवर पाच घड्याळं, पाचही वेगवेगळी वेळ दाखवत होती. कोनाड्यात चार हेल्मेटं, फळीवर जेवणाच्या डब्यांची उतरंड.

“दुकान होतं का तुमचं?” मी विचारलं.

वैशाली खो खो हसली. “न्हाई वो! ही सगळी मामांची रक्तदानाची बक्षिसं. पुढाऱ्याचा वाढदिवस असू द्या, जयंती असू द्या, शिबिर लागलं की मामा पहिल्या नंबरला. तरनेपनी वढूला समाधीच्या दर्शनाला गेले, तिथं शिबिर होतं, तिथनं जी सवय लागली ती लागली. घरात मोटारसायकल एक, हेल्मेटं चार!”

मग ती हळूच म्हणाली, “पासष्ट झाली आन् शिबिरवाल्यांनी न्हाई म्हनून सांगितलं. वयाचा नियम हाय म्हने. तवापासनं मामांचं बिनसलं. तोंड लालबुंद, डोकं जड. आंघोळ केली की अंगाला मुंग्या चावल्यागत खाज. मग आंघोळच सोडली. सासूबाई म्हनायच्या, रुसून बसल्यात.”

मी कपाळावर हात मारून घेतला. दाट रक्ताच्या माणसाला आंघोळीनंतर खाज सुटते, हे मी पुस्तकात शंभरदा वाचलंय. आणि शिबिरांनी नकळत या माणसावर उपचारच चालवला होता! दर काही महिन्यांनी पिशवीभर रक्त जायचं, आबा टवटवीत. शिबिर बंद झालं आणि जॅक-टूनं डोकं वर काढलं. मी हे वैशालीला सांगितलं तर ती मटकन पाटावर टेकली.

“मॅडम, मागल्या आठवड्यात त्यांच्या हातनं चहाचा कप पडला. धा मिंटं जीभ वळंना. मग पुन्हा बरं. कुनाला सांगू नको म्हनले.”

 ही धोक्याची घंटा होती. पुढच्या वेळी दहा मिनिटांत बरं वाटेल, याची काही खात्री नाही. आबांना सोमवारी दौंडला नेऊन टेबलावर झोपवलंच पाहिजे होतं. मी वैशालीला विचारलं, वडगाव रासाईला जायचं कसं?

“उद्या सकाळी मी नेते की,” ती म्हणाली आणि कोनाड्यातलं एक हेल्मेट माझ्या हातात दिलं. त्यावर कुणा पुढाऱ्याचा हसरा चेहरा होता.

रविवार, वडगाव रासाई

वैशालीच्या स्कूटरवरून जाताना माझ्या मणक्यांचं काय झालं, ते लिहीत नाही. भीमेजवळ आलो तसा दोन्ही बाजूंना ऊस लागला, डोक्याच्या वर गेलेला. दर फर्लांगावर बिबट्यापासून सावध राहा म्हणून फलक. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्यानं बजावलं, “बाई, दिवस कलला की उसाच्या कडंनं जाऊ नगा.” पुण्यात आम्ही रस्ता ओलांडताना दुचाकीला भितो. ज्याचं त्याचं भय.

कळप काढणी झालेल्या कांद्याच्या रानात बसवला होता. शेताला खत मिळतं, मेंढरांना पाला. बांधाला जाळी ठोकलेली, तीन दगडांची चूल आणि चुलीपाशी आबांबरोबर आलेली त्यांची बायको, झुंबरमावशी. आबा जाळीला टेकून कोकराच्या खुरातला काटा काढत बसले होते. उंच, सडपातळ माणूस, पांढरं पागोटं आणि खरंच, उन्हात चार दिवस राबल्यासारखं तांबडं तोंड.

मला बघून म्हणाले, “आलं का वारंट!”

मावशींनी मेंढीच्या दुधाचा चहा दिला. इतका दाट की कपाला साय धरली. मी रिपोर्ट बाहेर काढला, म्हटलं एकेक आकडा दाखवून समजावते. तेवढ्यात मागून एका कोकरानं तो ओढला. मी ओढतेय, ते ओढतंय, आणि वैशाली हसून हसून खाली बसलेली. शेवटी माझ्या हातात राहिला फक्त खालच्या सहीचा तुकडा. ती सही माझीच. अठरा वर्षांच्या नोकरीचं असं चीज झालं.

“झालं आता,” आबा म्हणाले, “तोंडानं सांगा.”

मी इकडे तिकडे बघितलं. कळपाचा कुत्रा सावलीत पडला होता. म्हटलं, “आबा, हा कुत्रा कधी भुंकतो?”

“बिबट्याचा वास आला की.”

“समजा, बिबट्या नाही, काही नाही आणि हा रात्रंदिवस भुंकतोय. मेंढरं काय करतील?”

“जाळी मोडून भायेर पडतील. येकावर येक चढतील.”

“तुमच्या अंगात तेच चाललंय. कुत्रा बिघडलाय. त्याचं नाव जॅक-टू.”

आबांनी मान डोलावली. “आसं सांगितलं तर कळतंय की. पोरास्नी व्हईल का ह्ये?”

“नाही. हे आईबापाकडून आलेलं नाही आणि पोरांकडे जाणारही नाही.”

वैशालीनं देवाला हात जोडले. मला वाटलं, झालं, जिंकले! म्हटलं, मग उद्या दौंडला चला. तर आबा उठले आणि सरळ कळपात चालते झाले.

तिथं एक मेंढी मान टाकून उभी होती. आबांनी तिच्या कानावर बोट फिरवलं, कमरेचा चाकू काढला आणि कानाच्या शिरेवर बारीकशी चीर दिली. मी किंचाळलेच. काळपट रक्त ढेकळांवर टपटप पडलं. आबा निवांत उभे. मग त्यांनी कानाला हळद दाबली. थोड्या वेळानं मेंढीनं डोकं झटकलं आणि पाला ओरबाडायला लागली. त्यांचा हा पिढीजात उपाय. पशूंचे डॉक्टर त्याला काय म्हणतील मला ठाऊक नाही, पण मला हवी ती संधी मिळाली.

“आबा, हे रक्त कुठं गेलं?”

“कुठं म्हंजी? मातीत.”

“वाया गेलं की मग!”

“आवो बाई, तिला आराम पडला न्हवं?”

“मग दौंडला तुमच्यासाठी दुसरं काय करणार होते?”

आबा माझ्याकडे बघून मिस्कील हसले. “बाई, तुमी लई पोचलेल्या. पन मेंढराला काय ठावं दान? मी दान करनारा मानूस हाय. तुमची डाक्टरीन काय म्हनली सांगू? आबा, ह्ये रक्त कुनाच्या कामाचं न्हाई, आमी फेकून देतो.”

अस्सं! मैत्रीण हेच बोलली होती तर. मनात म्हटलं, भेटू दे सोमवारी, हजेरी घेते तुझी.

आबांचं हसू मात्र गेलं होतं. ते खाली बसले, चाकू पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “येक इचारतो. खरं सांगा. आजपतुर ज्यांना दिलं, त्यास्नी बाधलं आसंल का? कुनी बाळंतीन आसंल, कुनी लेकरू आसंल. मी पुण्य म्हनून दिलं वो.”

आता कळलं हा माणूस टेबलावरून का उठला ते. राग नव्हता तो. इतके दिवस एकटाच हे मनात घेऊन फिरत होता.  मी त्यांच्यासमोर ढेकळातच बसले.

“नाही आबा. दिलेल्या तांबड्या पेशी तीन-चार महिन्यांत आपोआप संपून जातात. आणि रक्त घेतल्यामुळे हा आजार दुसऱ्याला लागला, असं मी अठरा वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही. तुमचं रक्त घेऊन माणसं बरी होऊन घरी गेली असतील.”

“मग आता का घेत न्हाईत?”

“खबरदारी म्हणून. शंकेला जागा नको म्हणून.”

त्यांनी माझं तोंड निरखून बघितलं, खरं बोलतेय की मन राखतेय ते. मग त्यांनी पागोटं काढून डोकं खाजवलं आणि “बरं झालं,” एवढंच म्हणाले. मावशींनी चुलीत फुंकर मारली आणि डोळे टिपले, धुरानं म्हणे.

पण हट्ट काही सुटेना! “समदं खरं. तरीबी फेकायला म्हनून मी न्हाई येनार. अंगात हाय ते अंगात ऱ्हाऊ द्या.”

माझ्या जिभेवर खोटं आलं होतं, खरंच सांगते. म्हणावं, देऊ कुणाला तरी, चला. पण नुकतंच या माणसानं मला ‘खरं सांगा’ म्हटलं होतं. मी जीभ चावली आणि माझ्याकडे खरं असलेलं काय आहे, ते शोधायला लागले. आणि सापडलं की! रोज हाताखालून जाणारी गोष्ट, म्हणून दिसली नव्हती.

“आबा, मला तपासणीला एक साक्षीदार लागतो,” मी म्हटलं. “लोकांचं रक्त मशीनला लावलं आणि मशीन म्हणालं, काही नाही. पण मशीनच झोपलं असेल तर? म्हणून दर खेपेला पहिल्या जागी असं रक्त लावते, ज्यात हा दोष आहे हे पक्कं ठाऊक आहे. तो दोष दिसला, तरच बाकीच्यांच्या रिपोर्टवर विश्वास. ते रक्त आम्ही परदेशातून मागवतो, थंड डब्यातून. तुम्ही परवानगी दिलीत आणि आमच्या वरच्यांनी हो म्हटलं, तर तिथं तुमचं लावता येईल.”

आबा सरसावून बसले. “किती जनांच्या उपयोगी पडंल?”

“त्यातला अर्क काढून ठेवला की कितीतरी जणांच्या.”

“किती घेनार?”

“चमचाभर.”

“आन् बाकीचं?”

“बाकीचं फेकणार,” मी म्हटलं. आता काय लपवायचं?

आबांचा चेहरा पडला. इतक्यात चुलीपाशी पीठ मळणाऱ्या झुंबरमावशी कडाडल्या, “आवो, इरजान किती लागतं? चमचाभर! त्यापायी भगुलंभर दही कुनी जपून ठिवतं व्हय? जल्म गेला मेंढरामागं, येवढं कळंना? उद्या दौंडला चाललाय तुमी. भाकरी बांधून देते.”

आबांनी पागोटं पुन्हा डोक्याला गुंडाळलं.  अठरा वर्षांचं विज्ञान मावशींनी परातीत मळून टाकलं! मी तिथूनच आमच्या साहेबांना फोन लावला. दोन-तीन प्रश्न विचारून ते म्हणाले, “संमतीपत्र दौंडला पाठवतो. मात्र सगळं नीट वाचून दाखवा.”

सोमवार, दौंड

ज्याच्या रानात कळप होता त्या शेतमालकाच्या पिकअपमधून निघालो. पुढे मी, आबा आणि मावशी चेपून, मागे बाजारला निघालेली दोन कोकरं, आणि त्यांच्या मागून स्कूटरवर वैशाली. रात्री शेतमालकाच्याच घरी मासवडी खाऊन झोपले होते, त्यामुळे मी खूश होते. भीमा ओलांडली आणि गुळाचा वास यायला लागला. वाटेत गुऱ्हाळ दिसलं तसं आबांनी गाडी थांबवायला लावली. कढईपाशी काम करणारा उत्तरेकडचा माणूस होता. त्यानं पळसाच्या पानावर गरम गूळ दिला. “आंटी, संभाल के, जलेगा,” म्हणाला. मी न सांभाळता तोंडात टाकला आणि पुढचा अर्धा तास मला बोलता आलं नाही. आबा म्हणाले, “देव हाय.”

दवाखान्यात मैत्रीण दारातच उभी होती. “पटवलंस कसं?” तिनं विचारलं.

“मी नाही, मावशींनी. आणि तू जरा बोलायला शीक.”

तिनं आबांपुढे हात जोडले. “आबा, मी चुकले. तसं बोलायला नको होतं.” आबा इतके संकोचले की स्टुलावर बसायचं सोडून उभेच राहिले. मग हातातून कप पडल्याचं वैशालीनंच सांगून टाकलं. मैत्रिणीनं ते दोनदा विचारून घेतलं, आबांना दोन्ही हात उचलायला लावले, हसायला लावलं, औषध लिहून दिलं आणि म्हणाली, “वेळेवर आलात. आणखी थांबायला नको होतं.”

संमतीपत्र मी एकेक ओळ वाचून दाखवलं. एका ओळीवर आबांनी थांबवलं.

“नाव न्हाई येनार म्हंजी?”

“नळीवर फक्त आकडा असतो, आबा. रक्त कुणाचं, ते कुणालाच कळत नाही. तसा नियम आहे.”

आबांनी विचार केला. मावशींकडे बघितलं. “मागं तरी कुटं कुनाला कळलं व्हतं,” म्हणाले आणि पेन हातात घेऊन सावकाश, जोडाक्षरं मोडत सही केली.

टेबलावर झोपताना त्यांना काही सांगावं लागलं नाही. बाही वर, मूठ आवळलेली, अगदी सराईत. नर्स म्हणाली, “आबा, शीर किती छान आहे हो तुमची!” आणि आबांच्या तांबड्या तोंडावर आणखी लाली चढली. पिशवी भरत होती तोवर दोघं डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल बोलत होते. नर्सचं माहेरही शेतकऱ्याचं. शेवटी मैत्रिणीनं छोटी नळी भरून माझ्या हातात दिली आणि पिशवी कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. मी घाबरून आबांकडे बघितलं. ते पिशवीकडे बघतच नव्हते. त्यांचे डोळे माझ्या हातातल्या नळीवर होते.

“सांडाल, बाई,” ते म्हणाले. “नीट धरा.”

मी दोन्ही हातांनी धरली.

पुणे

आबा त्यानंतरही दोनदा दौंडला जाऊन आले, सांगावं न लागता. त्यांच्या नळीतून अर्क काढून, तपासून, वरच्यांची मंजुरी मिळेपर्यंत काही आठवडे गेले. मग एका मंगळवारी मी मशीनला नमुने लावले. लोकांचे सहा होते, सहा आकडे. पहिल्या जागी सातवा, आबांचा.

पडद्यावर सुरुवातीला सगळ्या रेघा आडव्या पडून असतात. दोष असला तर त्या जागची रेघ हळूहळू वर चढते. अठरा वर्षं हे मी पेपर वाचत वाचत बघितलंय. त्या दिवशी मात्र खुर्ची पुढे ओढून बसले होते. वेळ झाली आणि पहिल्या जागची रेघ उठली, सरळ, ठसठशीत.

“या आबा!” मी मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

मग त्यांच्या मागोमाग चौथ्या जागची रेघही चढायला लागली. ते माणूस कोण, कुठल्या गावचं, मला ठाऊक नाही. त्यालाही आबा कधी ठाऊक होणार नाहीत. मी रिपोर्ट लिहायला घेतला.